शेवंतीचा हेवा

या मायबापहो, थोडं पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही जवळ यावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्याजोगी नाही. राजाची नाही, साधुसंताची नाही. भिवापूरकडच्या एका गल्लीतल्या कुत्र्याची नि मांजरीची आहे, आणि त्या दोघांच्या मधे सापडलेल्या एका बाईची. हसू आलं तर हसा. पण सगळी ऐकल्याशिवाय उठू नका.

बाईचं नाव गोपिका. वय पन्नाशीला टेकलेलं. पौष लागला की गावाबाहेरच्या सातऱ्यावर मिरची येऊन पडे. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं मोठं मैदान. नजर जाईल तिथवर लालच लाल. बायका तोंडाला ओढणी गुंडाळून ओळीनं बसत आणि सकाळी नऊपासून ऊन कलेपर्यंत देठ खुडत. गोपिकेची ही वीस-बावीस वर्षांची बैठक. नवीन आलेल्या पोरींच्या हातांची रात्रभर आग आग होई, त्या ताकात बोटं बुडवून बसत. गोपिकेला आता काही होत नसे. तिच्या बोटांची कातडी तळहातापर्यंत पिवळट, जाड, घोड्याच्या खुरासारखी झाली होती.

घरी तिचा नवरा रुपराव ओट्यावर बसलेला असे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची उजवी बाजू गेली. नागपूरच्या दवाखान्यात अठरा दिवस काढले. पाय थोडा आला, काठी घेऊन मोरीपर्यंत जाई. जीभ जड झाली, एखाद-दुसरा शब्द निघे. पण हात काही येईना. आणि तो हात साधा नव्हता. पंचक्रोशीत कुठंही भजन असो, खंजिरी रुपरावची. त्याच्या बोटांनी ठेका धरला की म्हातारी माणसंही मांडीवर ताल देत. आता तो हात मांडीवर पडून असे, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवल्यासारखा.

डॉक्टर बाईनं निघताना सांगितलं होतं, "रोज तेल लावून चोळा. होळीपर्यंत बोटं हलली पाहिजेत. नंतर मग कठीण आहे."

म्हणून गोपिका रोज संध्याकाळी सातऱ्यावरून आली की साबणानं हात धुई, चहा करी, आणि तिळाचं तेल कोमट करून रुपरावचा हात मांडीवर घेई. कोपरापासून बोटांपर्यंत दाबत, चोळत आणी. रुपराव तोंड फिरवी. डोळे मिटे. कधी डाव्या हातानं तिचं मनगट बाजूला सारी.

"नको," म्हणे.

"नको काहून? होळीले किती दिवस राहिले, समजते का तुमाले?"

"नको."

गोपिका चोळतच राही. मेलेल्या हाताला काय कळतं, असं ती समजून होती. त्याला आपलं जवळ बसणंच नको झालं आहे, एवढंच तिच्या मनात भरे, आणि ती आणखी जोरात चोळी.

एका दुपारी आभाळ भरून आलं. सातऱ्याच्या मालकानं मिरचीवर ताडपत्र्या टाकायला लावल्या आणि बायकांना अर्ध्या दिवसानंच घरी पाठवलं. गोपिका गल्लीत वळली तर अंगणातल्या निंबाला बांधलेला त्यांचा कुत्रा, हवालदार, साखळी ताणून गुरगुरत होता. तोंडातून लाळ गळत होती. एरवी तिला पाहून शेपूट हलवणारा तो, आज वळूनही बघेना. त्याची नजर ओट्यावर.

ओट्यावर रुपरावच्या मांडीत शेजारच्या देवकीची मांजर पसरली होती. पांढरी, पाठीवर पिवळा ठिपका, म्हणून शेवंती. पोट वर करून, डोळे मिटून पडलेली. आणि तिच्या पोटावर रुपरावचा उजवा हात.

हाताची दोन बोटं हलत होती. हळू, पण हलत होती. मधलं नि त्याच्या बाजूचं. शेवंतीच्या पोटावरचे केस मागं सरत, पुढं येत.

गोपिका दारातच थांबली.

काट्याच्या कुंपणापलीकडं देवकी पडवीत शिलाई मशीनवर बसली होती. तिनं मशीन थांबवली. "पाह्यलं का वं वैनी? भाऊजीची बोटं! मी तं म्हटलं, देवच पावला."

"आजच झालं?"

"आज कायले? आठ दिवस होऊन राहिले. शेवंती रोज तुम्ही गेल्या की येते. मी भाऊजीले म्हणतो, वैनीले आपण एकदम दाखवू." आणि देवकी रुपरावकडं बघून हसली. रुपरावही हसला. वाकडं, एका बाजूनं, पण हसला.

आठ दिवस. गोपिकेनं मनात मोजले. या आठ दिवसांत तिनं आठ वेळा तेल कोमट केलं होतं.

"चांगलं झालं," ती म्हणाली आणि आत जाऊन हंड्यातलं पाणी विनाकारण दुसऱ्या हंड्यात ओतत बसली.

त्या संध्याकाळी तिनं रुपरावचा हात मांडीवर घेतला आणि त्याच्या बोटांखाली आपला तळहात ठेवला. "हालवा," म्हणाली. बोटं तशीच. "मांजरीवर हालते, इथं काहून नाही हालत?" रुपरावनं डोळे मिटून घेतले. तिनं वाट पाहिली. चूल विझत आली. मग तिनं हात त्याच्या मांडीवर परत ठेवून दिला, उसनं आणलेलं भांडं परत करावं तसा.

सातऱ्यावर बातमी तिच्याआधी पोचली होती. ओळीत शेजारी बसणारी तारा ओढणीआडून म्हणाली, "गोपिकाबाई, तुह्या घरी सवत आली म्हणते."

"चार पायाची," पलीकडून कुणी बोललं.

"चार पायाची असो की दोन पायाची. मालकीण तं दोन पायाचीच आहे ना. दिवसभर पंख्याखाली मशीन मारते, हात बघ कसे कापसासारखे."

सगळ्या हसल्या. हसता हसता खोकल्या, कारण मिरचीवर बसून हसता येत नाही. गोपिकाही हसली. पण देठ खुडताना तिनं चार मिरच्या मधूनच मोडल्या, आणि बियांनी मांडी भरली.

कुत्र्याचं आणि तिचं त्या दिवसांत बरं जमलं. हवालदार रुपरावनं पिल्लू असताना भजनाहून परतताना झोळीत घालून आणला होता. नऊ वर्षं त्याचं डोकं रुपरावच्या गुडघ्यावर असे. आता त्या जागी मांजर. तो दिवसभर साखळीच्या टोकाशी उभा राही, मातीत नखांनी खड्डा पाडी, भाकर टाकली तरी आधी ओट्याकडं बघे. गोपिका त्याच्याजवळ उकिडवी बसून म्हणे, "तुले सोसत नाही ना गा? मलेही नाही सोसत." मनातलं तिनं दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि एका सोमवारी सकाळी, डबा काखेत घेऊन निघताना, ती निंबाजवळ गेली. साखळीची कडी पट्ट्यात अडकवलेली असे. तिनं ती काढली आणि नुसती पट्ट्याखाली खुपसून ठेवली. कुत्रा जागेवर असेतोवर काही कळू नये, ओढ बसली की सुटावी. नुसती एकदा पळवली पाहिजे तिले, एवढंच ती मनाशी म्हणाली. देवघराकडं पाठ करून म्हणाली, हेही खरं आहे. माणसाला वाईट काम करताना देव कुठल्या बाजूला आहे ते बरोबर माहीत असतं, मायबापहो.

दुपारी फोन आला. देवकी रडत होती.

गोपिका धावत आली तेव्हा गल्ली जमली होती. रुपराव ओट्याखाली पडलेला होता, कपाळ फुटलेलं, काठी दूर. कवडूबुवा, समोरचे बकऱ्या राखणारे म्हातारे, त्याला बगलेत धरून उठवत होते. "मांजर सोडवाले उठला वं हा. दोन पावलं गेला अन् पडला." हवालदार निंबामागं अंग चोरून बसला होता. देवकीच्या पदरात शेवंती, मागच्या पायाची मांडी फाटलेली, पांढऱ्या केसांवर रक्त.

"साखळी कशी सुटली?" कुणी विचारलं.

"कडी जुनी आहे," देवकीच म्हणाली. "वैनी काय करन?"

गोपिकेनं कुंकू पुसलं जाईल एवढा पदर कपाळावर ओढला आणि रुपरावच्या जखमेवर हळद धरली.  

त्यानंतरचे दिवस जड गेले. देवकीनं शेवंतीला खोलीत कोंडलं. कुंपणाच्या फटी तट्ट्यांनी बुजवल्या. पलीकडून मांजरीचं ओरडणं ऐकू येई आणि रुपराव मान त्या बाजूला वळवून बसे. त्याच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा तळहाताकडं वळली, कोंबडीच्या पंजासारखी. पहिला दिवस, दुसरा दिवस, पाचवा. अर्ध्या भाकरीवर तो तोंड फिरवू लागला. गोपिकेनं तेल आणलं की आता "नको"ही म्हणेना. हात तिच्या स्वाधीन करून आढ्याकडं बघत राही, आणि कानामागून घामाची धार लागे.

देवकीचा नवरा महादेवराव कोराडीच्या वीज केंद्रावर कंत्राटात होता, रविवारी घरी येई. त्यानं फोनवरच सांगितलं होतं, "मी आलो की त्या कुत्र्याले पोत्यात घालतो अन् उमरेडच्या पुढं जंगलात सोडतो. आज मांजर फाडली, उद्या माही पोरगी फाडन." गल्लीलाही ते पटलं होतं. गोपिकेनं ऐकलं. कुत्र्याच्या गळ्यात आता दोन कड्या होत्या, आणि ज्या हातानं त्याला सोडलं तोच हात त्याला भाकर टाकत होता. तो तिला पाहून शेपूट हलवे.

शनिवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर ती घरात गेलीच नाही. तांब्यावर हात धुतले, साबण दोनदा लावला आणि देवकीच्या पडवीत जाऊन उभी राहिली.

"बसा ना वैनी."

शेवंती सुपात जुन्या लुगड्यावर पडली होती. गुरांच्या दवाखान्यातून आणलेल्या मलमाची नळी बाजूला. देवकीच्या बोटात सुई होती, ब्लाऊज अर्धवट.

"तू शिव. मलम मी लावतो," गोपिका म्हणाली. काहीतरी करायला हवं होतं, नाहीतर तोंड उघडलं नसतं.

तिनं मलम बोटावर घेतलं आणि जखमेच्या कडेनं हळूच फिरवलं. शेवंती किंचाळली. अंग पिळून सुपाबाहेर पडली, तीन पायांवर कोपऱ्यात गेली आणि मांडी चाटायला लागली. चाटलं तसं तिचं तोंड फेसानं भरलं, डोकं झटकू लागली.

"सोडा, सोडा!" देवकी उठली. तिनं ओल्या फडक्यानं मांजरीची मांडी पुसली, वर दही लावलं. मग वळून म्हणाली, "वैनी, मी रोज लावतो मलम. ती अशी नाही करत. हात धुतले होते?"

"दोनदा. साबणानं."

"साबणानं जाते का ते?" देवकीनं गोपिकेचा हात धरला, तिचं बोट आपल्या जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "माही माय सातऱ्यावर जाय. तिच्या हातचं काजळ आम्ही लावू देत नव्हतो, पळत जावो. पाण्यानं नाही जात मिरची, अन् तेल लागलं तं पूर्ण फैलते. तुमाले नाही समजत आता, तुमची कातडी मेली."

गोपिका आपल्या हातांकडं बघत राहिली.

तेल लागलं तर फैलते. पाच महिन्यांच्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. पण पौष लागेपर्यंत सातरा नव्हता. तेव्हा तो हात देत होता. तोंड फिरवायला लागला तो मिरची लागल्यापासून. मिटलेले डोळे, बाजूला सारलेलं मनगट, कानामागचा घाम. मेलेला हात म्हणत होती ती. मेलेल्या हाताला आग होत नसते.

"देवकी," ती खाली बसली. "कडी जुनी नव्हती वं. मी काढली होती."

मशीनकडं वळलेल्या देवकीच्या हाताखाली चाक थोडं फिरून थांबलं.

"काहून?"

"तुही मांजर त्याहीच्या मांडीत बसे म्हून."

 देवकीनं शेवंतीला उचलून सुपात ठेवलं, लुगड्याची कड तिच्या अंगावर घेतली. तिचे डोळे भरले होते आणि ओठ रागानं दाबलेले. "मी तुमच्यासाठी लोकाइशी भांडलो, वैनी. कडी जुनी आहे म्हणून."

"मले माहीत आहे."

"घरी जा आता."

गोपिका घरी आली. दिवा लावला, उदबत्ती लावली, पण हात जोडायला तिला लाज वाटली. ती ओट्यावर रुपरावसमोर बसली, दोन्ही हात मागं धरून.

"माह्या हातानं जळत होतं तुमाले?"

रुपरावनं तिच्याकडं पाहिलं. मान हलवली. होय.

"पूर्ण हात जळे?"

होय.

"मंग सांगतलं काहून नाही? नको म्हणत होते, जळते म्हणता आलं नाही?"

त्याची जीभ टाळ्याला लागली, सुटली. त्यानं दोनदा प्रयत्न केला. "का..." म्हणाला. मग, "काम." आणि डाव्या हातानं तिच्या डब्याकडं दाखवलं. तिनं ऐकलं असतं तर सातरा सोडला असता, आणि मग चूल कशावर पेटली असती. एवढं सगळं त्यानं त्या एका शब्दात घातलं होतं, आणि तिला ते सगळं कळलं.

गोपिका रडली. हात मागंच धरून रडली, कारण डोळे पुसायची सोय नव्हती.

रविवारी महादेवराव पोतं घेऊन आला. पण त्याच्या आधी देवकी आली होती, सुजलेल्या डोळ्यांनी, आणि तिच्यामागं कवडूबुवा.

"कुत्र्याचा काही दोष नाही," देवकी नवऱ्याला म्हणाली. गोपिकेकडं तिनं बघितलं नाही. "बाकी मंग पाहू."

"दोष नाही? मंग मांजर काय आपोआप फाटली?" महादेवराव पोतं झटकत म्हणाला.

कवडूबुवांनी तंबाखू मळली. "जो तो सांगते, सोडून ये, सोडून ये. अरे, सोडला तं बिबट्या खाईन. मेलेल्या बकरीचं पिल्लू दुसऱ्या बकरीखाली लावतो आपण, ती लाता मारते. मंग काय करतो? तिच्या पिल्लाचा वास याच्या अंगाले घासतो. आठ दिवसात चाटते. तसंच करा. मांजरीचं लुगडं कुत्र्याच्या भाकरीच्या टोपल्याखाली टाका, कुत्र्याचं पोतं मांजरीच्या सुपात. तोंडं नका दाखवू एकमेकाले. वास आधी ओळखू द्या."

"अन् नाही ओळखला तं?"

"तं पोतं आहेच तुह्यापाशी."

महादेवरावनं पोतं कुंपणावर टाकलं. "पुढच्या रविवारी पाहतो," म्हणाला.

मायबापहो, मग जे झालं ते चमत्कार नव्हे, मेहनत होती. पहिल्या दिवशी हवालदारानं लुगड्याचा वास घेतला आणि ते दातांनी फाडलं. गोपिकेनं दुसरं मागायला जाऊन हात पसरला. देवकीनं ते न बोलता दिलं, कुंपणावरून टाकलं. तिसऱ्या दिवशी तो लुगड्यापासून लांब बसून जेवला. पाचव्या दिवशी त्याच्यावर बसून जेवला. मग देवकीनं तट्ट्याची एक काडी काढली. मग दुसरी. फटीतून शेवंतीचं तोंड दिसलं की गोपिका कुत्र्याच्या पाठीवर कोपर टेकवून बसे आणि त्याला भाकरीचा तुकडा देई. तो गुरगुरे. तुकडा खाई. पुन्हा गुरगुरे. पुढच्या रविवारी महादेवराव आला, कुंपणाशी उभा राहून बराच वेळ बघत राहिला, आणि पोत्यात गुरांसाठी कुटार, म्हणजे भुसा, भरून घेऊन गेला.

बाविसाव्या दिवशी शेवंती लंगडत ओट्यावर आली. हवालदार साखळीच्या टोकाशी उठून उभा राहिला. अंगावरचे केस ताठ. मग वळून, पाठ करून बसला. रुसला म्हणा. प्रेम वगैरे काही झालं नाही त्यांचं, आजही नाही. पण जागा दिली त्यानं.

रुपरावच्या हातानं मांजर ओळखायला दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी मधलं बोट हललं. गोपिका दारात उभी राहून बघत होती. हेवा वाटला, तोच जुना. गेला नव्हता. तिनं तो तसाच राहू दिला आणि आत भाकरी थापायला गेली.

होळी चार दिवसांवर होती. त्या शनिवारपासून तेलाची वाटी कोरडीच होती; आज संध्याकाळी तिनं पुन्हा तेल कोमट केलं. वाटी हातात घेऊन ती देवकीच्या कुंपणाशी गेली. देवकी अजून तिच्याशी लागेल तेवढंच बोलत होती.

"तू लावून देशीन का वं त्याहीले? तुहे हात साफ आहेत."  नवऱ्याचा हात दुसऱ्या बाईच्या हातात द्यायचा, आणि तोही आपण मागून.

देवकीनं वाटीकडं पाहिलं, मग गोपिकेकडं. पहिल्यांदाच सरळ. "काहून? तुमाले काय कोपर नाही?"

"कोपर?"

"बोटं मिरचीत जाते. कोपर जाते का? हा आतला भाग पाहा." तिनं कुंपणावरून हात घालून गोपिकेच्या मनगटावरची, बांगड्यांच्या वरची कातडी चिमटीत धरली. तिथं ती मऊ होती, फिकी, लग्नातल्यासारखी. "इथं लावा तेल. माही माय आम्हाले असंच न्हाऊ घाले."

गोपिका ओट्यावर येऊन बसली. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. वाटीत बोट न घालता तिनं वाटीच तिरपी करून तेल आपल्या हाताच्या आतल्या बाजूवर ओतलं, आणि रुपरावचा हात मांडीवर घेऊन त्यावर तो भाग घासू लागली. वेडंवाकडं होत होतं. तेल लुगड्यावर सांडत होतं. गल्लीतून जाणारी तारा थांबून म्हणाली, "हे काय नवीन वं?" गोपिकेनं मान वर केली नाही.

रुपरावनं तोंड फिरवलं नाही. डोळे उघडे होते. ती घासत होती, कोपरापासून मनगटापर्यंत, खाली, वर. आणि एका वेळी ती हात मागं घेऊ लागली तर तो निघेना. तिनं खाली पाहिलं. चारही बोटं तिच्या हाताभोवती मिटली होती. घट्ट नव्हती. लहान लेकरू झोपेत धरतं तेवढी. ती हलली नाही. अंधार पडला, दिवा लावायचा राहिला, भाकरी राहिली, तरी ती तशीच बसून होती.

मायबापहो, रुपराव आता भजनात असतो, मागच्या ओळीत का होईना, आणि त्याला आठवणारे पुष्कळ आहेत. मी तुम्हाला दुसरंच मागतो. तुमच्या गावात सप्ताह बसेल, जेवणावळी उठतील, वरणात लाल तिखट पडेल. त्या वेळी देवापुढं दोन हात जोडाल तेव्हा, तोंडाला ओढणी बांधून उन्हात बसलेल्या, आणि चुकलं ते चुकलं म्हणून सांगायला शेजारणीच्या दारी गेलेल्या त्या गोपिकाबाईची एकदा याद करा.